साडेआठ वाजलेला नॉब

गायिका केसरबाई केरकर उजवीकडे सरकल्या, तिथून हे प्रकरण सुरू झालं. त्यांच्या जुन्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डी मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांत जातं ते एकच. आवाज बरोब्बर मधून, आमच्या पार्ल्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटातून यायला हवा. तो येत होता बाल्कनीच्या दाराकडून. आणि फक्त रात्री. रविवारी सकाळी जरा मोठ्याने लावलं की बाई आपल्या जागी.

मी ठरवूनच टाकलं की प्रीअँप, म्हणजे व्हॉल्यूमचा नॉब असलेला डबा, म्हातारा झाला. एका मित्राने नुकताच 85 हजारांचा घेतलाय, तो शनिवार-रविवारपुरता उचलून आणला. लावल्या लावल्या स्वर्ग! डग्गा पोटात घुमला, तानपुऱ्याची जवारी वेगळी कळली, आणि बाई मधोमध. बँकेतली कुठली ठेव मोडायची हेसुद्धा मनात ठरलं.

रविवारी दुपारी चहा घेताना शंका आली. दोन डब्यांचा आवाज सारखा होता का? किंचित मोठा आवाज कानाला नेहमी उजवाच वाटतो, ही या छंदातली सगळ्यात जुनी फसवणूक. मल्टीमीटर काढला, 400 हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर दोघांचे व्होल्ट सारखे केले. (शेजारच्यांना वाटलं मिक्सर बिघडला.) आता डग्गाही तेवढाच आणि जवारीही तेवढीच. फरक उरला तो एकच, बाईंच्या जागेचा.

मग वायरींची अदलाबदल. सीडी प्लेअर आणि प्रीअँपमधल्या डाव्या-उजव्या वायरी उलट्या केल्या, बाई उजवीकडेच. त्या सुलट करून प्रीअँप आणि पॉवर अँप (स्पीकर वाजवणारा पुढचा डबा) यांच्यामधल्या उलट्या केल्या, तर बाई डावीकडे. म्हणजे प्लेअर, पॉवर अँप, स्पीकर सगळे निर्दोष. चोर प्रीअँपमध्ये, पण तो म्हातारा झाला म्हणून नव्हे.

व्हॉल्यूमच्या नॉबखाली जो पॉट असतो त्यात कार्बनच्या दोन पट्ट्या असतात, एक डाव्या चॅनेलची, एक उजव्याची. त्या एकमेकींशी छान जुळतात, पण नॉब अगदी सुरुवातीला असताना नाही; मग एक बाजू जरा मोठी वाजते. आणि माझा नॉब जन्मभर तिथेच! घड्याळाच्या भाषेत सात वाजता बंद. साडेआठला माझं ऐकणं. नऊ वाजले की खालच्या काकूंचा फोन. भिंतीला भिंत लागून असलेल्या इमारतीत रात्री साडेदहाला दुसरं काय होणार?

पण नॉब इतका खाली का ठेवावा लागतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सीडी प्लेअर 2 व्होल्ट देतो. माझा पॉवर अँप 1 व्होल्टलाच पूर्ण ताकदीने गातो. म्हणजे आधीच दुप्पट, आणि मध्ये प्रीअँप ते आणखी दहापट वाढवायला बसलाय. नॉबने बहुतेक सगळं फेकून द्यायचं आणि उरलेलं दहापट करायचं, असा उलटा संसार.

सोमवारी ऑफिसातून येताना ग्रँट रोडला उतरलो. प्रीअँपच्या पुढे सिग्नल कमी करायला लॅमिंग्टन रोडवर 10 के आणि 4.7 के चे (के म्हणजे हजार ओहम), एक टक्कावाले मेटल फिल्म रेझिस्टर घेतले. दुकानदाराने विचारलं, "किती शेकडा?" म्हटलं, दोन-दोन. त्याने तोंडाकडे पाहिलं आणि दहा-दहा दिले.

10 के वायरीच्या ओळीत, 4.7 के पॉवर अँपच्या तोंडाशी ग्राउंडला. प्लगच्या टोपणात दोन्ही कोंबून सोल्डर करताना पहिला जळाला. दहाचं पाकीट कामी आलं. पॉवर अँपला पोचणारा सिग्नल जेमतेम एक तृतीयांश झाला. तेवढ्याच आवाजाला नॉब आता जवळजवळ अकरावर येतो. बाई कपाटात. पाठीमागची बारीक सूंऽऽसुद्धा कमी झाली, कारण प्रीअँपची स्वतःची खरखरही त्याच चाळणीतून जाते.

मित्र डबा न्यायला आला तेव्हा त्याला ऐकवलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "माझा नॉबपण साडेआठलाच असतो रे." उरलेले रेझिस्टर तो घेऊन गेला.

रेकॉर्ड प्लेअरचा प्रश्न शिल्लक आहेच. सुईकडून जेमतेम 5 मिलिव्होल्ट येतात, तिथे खरोखरच चांगली वाढ लागते, आणि माझ्या प्रीअँपची ती बाजू गुणगुणते. त्यासाठी वेगळा छोटा फोनो डबा पुरेल असं वाटतंय. पावसाळा संपू दे, मग बघू. ठेव अजून मोडलेली नाही.