सहा पाऊण साडेचार

आपल्या शाळेच्या हजेरीपटात तारखेखाली पेन्सिलीने तिथी लिहिलेली असे, हे किती जणांना आठवतं? तपासणीला आलेल्या साहेबांना म्हणे वाटलं, हेडसर उपासतापास करणारे आहेत.

जून १९७० मध्ये मी पाचवीत आलो तेव्हा पलीकडच्या वाड्यांतून आम्ही अकरा पोरं तरीने येत होतो. शाळेची घंटा रोज अकराला, पण जयगड खाडीचं पाणी घड्याळ बघून चढत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. पाणी असलं की होडी थेट धक्क्याला लागे. सुकती, म्हणजे ओहोटी, असली की तीच होडी पन्नास-साठ हात अलीकडे गाळात रुते. मग दप्तर डोक्यावर, चपला हातात आणि गुडघाभर चिखल. त्यात कालवांच्या शिंपा पाय कापत. वर पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची.

पहिले दोन महिने आम्ही त्यासाठी छड्या खाल्ल्या. अमृतमहोत्सवी अंक असला म्हणून हे गाळायचं कारण नाही. हेडसर घाटावरचे, त्यांनी खाडी पाहिली ती नोकरीला लागल्यावरच. अकरा पोरं कधी दहा मिनिटं आधी, तर कधी पाऊण तास उशिरा येतात, याचा अर्थ त्यांना एकच लागत होता.

माझी अक्का माझ्याच वर्गात होती. लावणी सुरू झाली तसं तिला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलं. पंधरा दिवस झाले तरी ती येईना म्हणून सर एका सकाळी तरीत बसले, आणि पलीकडे नेमकी सुकती लागली. धोतर वर खोचून, काठी टेकत ते आमच्या अंगणात आले तेव्हा मांडीपर्यंत गाळ होता. आईने पाय धुवायला तांब्या दिला. वडील म्हणाले, लावणी उरकली की पाठवतो. सर परत निघाले, पण होडीत बसल्यावर तरवाल्याला त्यांनी बरंच काही विचारलं.

त्याने सांगितलं ते खाडीकाठच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. आमच्याकडे थोडं मागेपुढे होतं, पण होडीपुरतं चालतं. सर गणिताचे. १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी ही पाव, अर्धा, पाऊणच्या पाढ्यांची उजळणी पुस्तकातून गेली. सरांनी ती वर्गात परत आणली. चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार. षष्ठीला साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाच्या सुमाराला पार सुकती.

छड्या थांबल्या. उशिराची सूट मात्र मिळाली नाही. पंचमी ते सप्तमी आम्ही साडेसातच्या तरीने यायचं ठरलं. आठ वाजता शिपाईमामा वाचनालय उघडून देत आणि अकरापर्यंत आम्ही तिथे. माझं बरंचसं वाचन महिन्याच्या त्या सहा दिवसांत झालेलं आहे.

पळवाट मीही शोधलीच. आठवीत असताना एकदा गोट्या खेळत उशीर केला आणि दारातून सांगितलं, "सर, सुकती होती." सरांनी हजेरीपटावरून मानसुद्धा वर केली नाही. "आज द्वादशी. बारा पाऊण किती?" "नऊ." "नऊला भरती. मग साडेदहाला तुझी होडी कुठे रुतली?" सगळा वर्ग हसला. शिक्षा म्हणून पुढच्या महिन्याचं भरतीचं वेळापत्रक व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायला लावलं. ते काम दहावीपर्यंत माझ्याकडेच राहिलं आणि फळा लिहिणाराच उशिरा आला असं परत काही करता आलं नाही.

अक्का श्रावणात वर्गात आली. मधल्या दिवसांत अपूर्णांक सुरू होऊन छेद समान करण्यापर्यंत गेले होते. घरच्यांना वाटतं, महिना बुडला तर महिन्याचाच अभ्यास बुडला. पण ज्याला छेद समान करता येत नाही त्याला पुढे शेकडेवारी कळत नाही, व्याज कळत नाही. मग त्याच्या पोटात दुखायला लागतं आणि तेही गणिताच्या तासाच्या बेतानेच. अक्काचं तसंच झालं. गणपतीत चार दिवस, भातकापणीला आठ दिवस, धाकटा आजारी म्हणून आणखी काही. सर अजून दोनदा येऊन गेले, तेही पाणी बघून. शिमग्यानंतर ती आलीच नाही. हजेरीपटात तिच्या नावापुढे लाल शाईने "नाव कमी केले" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्याच पानावर माझ्या हजेरीची रांग सलग होती. मी शाळेत असायचो तेव्हा धाकटा तिच्या कडेवर असायचा.

अमृतमहोत्सवाची निमंत्रणपत्रिका आली तेव्हा मी अक्काला फोन केला. कार्यक्रम सकाळी दहाला आहे, तू चल, म्हटलं. तारीख सांगितली. पलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर चाळल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "त्या दिशी सष्टी हाय. आठाच्या आत पल्याड जाया होवा."