परभणीच्या उन्हात टिकेल अशी गिटार : मार्च ते ऑगस्टच्या नोंदी

मार्च

गिटार, पिशवी, कॅपो (सगळ्या तारा एका जागी दाबून धरणारा चिमटा), क्लिप ट्यूनर (सूर जुळवायचं छोटं यंत्र) आणि तारांचा एक जादा सेट, हे सगळं १५ हजारांच्या आत बसवायचं ठरवलं. वाजवणं हौसेचंच आहे: संध्याकाळी घरी, आणि शनिवारी मंदिरात भजनाला पेटीच्या जोडीला. साधे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) हातात बसलेत, एफचा बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा, अजून दमवतो.

या बजेटमध्ये पहिला प्रश्न येतो तो सॉलिड टॉपचा, म्हणजे गिटारीची वरची फळी एकसंध लाकडाची घ्यावी का याचा. ज्याला विचारावं तो म्हणतो, थोडे पैसे वाढव पण सॉलिड टॉपच घे. आवाजाच्या बाबतीत ते खरंच आहे. एकसंध स्प्रूस लाकडाची पातळ फळी जास्त मोकळी कंप पावते आणि वर्षं जातील तशी खुलते. पण हा सल्ला देणारे बहुतेक जण मुंबई-पुण्याचे असतात. आपल्याकडची हवा वेगळी आहे, आणि मराठवाड्यात गिटार घेणाऱ्याने आधी हवेचा विचार करावा असं माझं ठाम मत झालंय.

कारण साधं आहे. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. ते रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्याही खाली जाते, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पावसामुळे ८० च्या वर. एवढ्या फरकात सॉलिड टॉप उन्हाळ्यात खाली बसतो आणि तारा फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) घासून झणझणतात. पावसाळ्यात तोच टॉप वर येतो आणि तारा उंच होतात. काळजी घेतली नाही तर रेषेत चीर जाते. लॅमिनेटेड टॉपमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे एक थर आकसायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. आवाज थोडा बंद वाटतो, पण गिटार जागेवर राहते. ज्यांच्याकडे आर्द्रता सांभाळणारी हार्ड केस आहे आणि रोज लक्ष द्यायला वेळ आहे, त्यांनी सॉलिड टॉप जरूर घ्यावा. मी लॅमिनेटेड घेणार आणि वाचलेले पैसे सेटअपवर (तारांची उंची वगैरे जुळवून घेण्यावर) घालणार.

टॉप कुठला आहे हे ओळखायचं असेल तर साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) कडेला नीट बघा. वरच्या रेषा कडेच्या जाडीतून सरळ खाली उतरत असतील तर सॉलिड. कडेला थर दिसले तर लॅमिनेटेड. पत्रकात नुसतं 'स्प्रूस टॉप' लिहिलं असेल तर ते लॅमिनेटेड समजून चाला.

एप्रिल

मराठवाडा एक्सप्रेसने संभाजीनगरला जाऊन दुकानातच गिटारी हातात घेतल्या. ऑनलाइन थोडी स्वस्त पडते हे माहीत आहे, पण एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघत नाहीत, म्हणून तेवढा प्रवास परवडतो.

तीन-चार हजारांच्या ३८ इंची गिटारी आधी बाजूला काढल्या. त्यांतल्या काहींत ट्रस रॉडच (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, आतली फिरवता येणारी सळई) नसतो, आणि आपल्या हवेत नेक वाकला की तो सरळ करायला दुसरा उपाय उरत नाही. खरी निवड यामाहा एफ३१० आणि कॉर्ट एडी८१० यांच्यात होती. दोन्हींना लॅमिनेटेड स्प्रूस टॉप. कॉर्ट जोरात बोलते, तिचा खालचा सूर भरदार आहे, आणि नुसत्या स्ट्रमिंगसाठी मला तीच जास्त आवडली. पण तिची स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) ६४३ मिलिमीटर, यामाहाची ६३४. नऊ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या की कमी स्केलला ताण कमी पडतो. बार कॉर्ड धरताना बोटांना तो फरक लगेच कळला. माझा हात लहान आहे, म्हणून यामाहा.

मॉडेल ठरलं तरी नग निवडायचा होताच. तपासणी अशी केली. खालच्या सुराची जाड ई तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून मधल्या सहाव्या-सातव्या फ्रेटवरची फट बघितली. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. तार फ्रेटला चिकटली असेल किंवा फट मोठी असेल तर ट्रस रॉड फिरवावा लागेल. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर पडताळले. दाबलेला सूर बराच चढा येत असेल तर बार कॉर्ड कधीच सुरात लागणार नाही. नंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवला, सावकाश. एका नगात बी तारेवर दहाव्या फ्रेटला सूर मरत होता, म्हणून तो परत ठेवला. शेवटी नेकच्या कडेवरून तळहात फिरवून फ्रेटची टोकं टोचतात का ते बघितलं. दुकानदारांनी शांतपणे सगळं करू दिलं, वर स्वतःहून स्टूल आणून दिलं. ज्या दुकानात एवढा वेळ देत नाहीत तिथून गिटार घेऊ नये.

मे

पारा ४३ वर. खोलीत छोटं डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) टांगलंय. दुपारी १८ टक्के दाखवतं, आणि कूलर लावला की अर्ध्या तासात ६० च्या पुढे. म्हणजे नुसती कोरडी हवा नाही, तर रोजचा हा चढउतार गिटारीला जास्त जाचतो. आपल्याकडे घरोघरी वाळ्याचे कूलर आहेत, त्यामुळे हे सगळ्यांनाच लागू आहे. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका, आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवूनही नको. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत तर अजिबात नको, उष्णतेने गोंद सैल पडतो आणि ब्रिज (टॉपवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) उचलला जातो.

मी ती आतल्या खोलीत पिशवीत ठेवतो. पिशवीत साबणाची डबी आहे, तिला भोकं पाडून आत ओला, घट्ट पिळलेला स्पंज. पाणी ठिबकता कामा नये. टॉप अजून जागचा हललेला नाही. फ्रेटची टोकं मात्र किंचित बाहेर आली आहेत, कारण फिंगरबोर्ड (ज्यात फ्रेट बसवलेले असतात ती फळी) एकसंध लाकडाचा असतो आणि तो आकसतोच. टॉप लॅमिनेटेड असल्याचा तिथे उपयोग नाही. बारीक कानसीने टोकं गोल करून घेतली, फिंगरबोर्डवर आधी चिकटपट्टी लावून.

जून

सेटअप. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेची उंची ३.२ मिलिमीटर भरली, मला २.४ हवी होती. बाराव्या फ्रेटवर जितकं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उतरवावा लागतो, म्हणजे इथे १.६. सॅडल काढून पेन्सिलने रेघ मारली आणि जाड काचेवर काचपेपर पसरून तळाकडून घासला, वरून नाही, कारण वरचा बाक तसाच राहायला हवा. मोजायला गॅरेजवाल्यांचं टॅपेट सेट करायचं फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) घेतलं. ऑटो पार्ट्सच्या दुकानात सहज मिळतं आणि नेकची फट मोजायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

त्याच बैठकीत ११-५२ च्या फॉस्फर ब्राँझ तारा चढवल्या (आकडे म्हणजे सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). १२-५३ च्या सेटचा एकूण ताण ७० किलोंच्या घरात असतो, ११ चा त्याहून कमी. ताण उतरला की नेक किंचित सरळ होतो, म्हणून ट्रस रॉड पाव फेरा सैल करावा लागला. पाव फेऱ्याच्या वर एका दमात जायचं नाही. रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत मोजायचं.

एफ लागला! पूर्ण सहा तारा, स्वच्छ. गेली दोन वर्षं ज्याच्यासाठी बोटं दुखवली त्यातला निम्मा त्रास उंच सॅडलचा होता.

ऑगस्ट

हायग्रोमीटर ८२ वर. तारेची उंची २.४ ची २.५ मिलिमीटर झालीय, एवढंच. लॅमिनेटेडवर केलेला खर्च वसूल वाटतोय.

आता भजनाचं. मंडळातले काका काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गातात. पहिल्या फ्रेटला कॅपो लावून सी पट्टीतल्या कॉर्डचे आकार धरले की काळी एक मिळते. मावशींची काळी चार, त्यासाठी पहिल्याच फ्रेटला कॅपो आणि जीचे आकार. पांढरी चारला तिसऱ्या फ्रेटला कॅपो आणि डीचे आकार. हे तीन पाठ असले की बहुतेक भजनं निघतात. मात्र जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या एला (ट्यूनरच्या नेहमीच्या मापाला) जुळेलच असं नाही. आमची थोडी चढी आहे. पेटीचा सूर तिथल्या तिथे बदलता येत नाही, म्हणून पेटीचा एक सूर दाबून ट्यूनरचं कॅलिब्रेशन त्याला जुळवून घेतो आणि मग गिटार लावतो. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे चिकटून लावायचा, नाहीतर तारा चढ्या होतात आणि पेटीशेजारी ते लगेच उघडं पडतं. काका परवा म्हणाले, "भाऊ, आता अभंगाच्या मध्ये दोन ओळी तुम्ही एकट्यानेच वाजवा." त्याचा सराव सुरू केलाय. पहिल्या तीन पातळ तारांवर, पिक न घेता बोटांनी.

यापुढचं मोजमाप ऑक्टोबरच्या उन्हात. नांदेड, लातूर, बीडकडे कुणाकडे सॉलिड टॉप असेल तर मे आणि ऑगस्टमधली बाराव्या फ्रेटची उंची जरूर कळवा, शेजारी शेजारी ठेवून बघायची आहे.