शिकागो : वर जायची घाई नको, आणि खाली तर अजिबात नको

आधीच सांगतो, शिकागोच्या उंच इमारती बघायला जाणार असाल तर गाडी नेऊ नका. आम्ही नेली. मेव्हणा नेपरव्हिल या उपनगरात राहतो. "ट्रेनची कटकट कशाला?" म्हणाला. नदीजवळच्या एका तळघरातल्या पार्किंगने सहा तासांचे ६२ डॉलर काढले. स्वस्तातला दर फलकावर हातभर अक्षरांत, आणि तो सकाळी नऊच्या आत आलेल्यांनाच, हे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

पैशाचं एक वेळ सोडा. त्या पार्किंगमधून पायी बाहेर पडलो ते थेट लोअर वॅकर ड्राइव्हवर. इथे रस्ते एकावर एक आहेत. वर झाडं, फुटपाथ, माणसं. खाली ट्रक, कचऱ्याचे डबे आणि इमारतींची मागची दारं. काही ठिकाणी तर तीन मजले. १९२६ साली सुरू झालेला हा दुमजली रस्ता मालवाहतूक नजरेआड ठेवतो. आम्हीही नजरेआड झालो. फोनवरच्या निळ्या ठिपक्याला वर-खाली कळत नाही. तो म्हणतो "पोचलात", आणि समोर काँक्रीटचा खांब. नदीतून इमारती दाखवणारी अकराची बोट गाठायची होती. पिवळ्या दिव्यांखाली पस्तीस मिनिटं फिरलो. माल उतरवणाऱ्या एकाला विचारलं, तर त्याने नुसता अंगठा वर केला. मला वाटलं, शाबासकी देतोय. तो जिना दाखवत होता.

"दादाला काही बोलू नका हं," बायको म्हणाली. नाही बोललो.

खाली अडकलातच तर नदीची बाजू धरा आणि पूल गाठा; मोठ्या पुलांच्या तोंडाशी जिने आहेत. त्यापेक्षा नेपरव्हिलहून मेट्रा ट्रेनने युनियन स्टेशनला या. नदी ओलांडली की विलिस टॉवर, शहरातली सगळ्यात उंच इमारत.

बोटवाल्यांनी पुढच्या फेरीत घेतलं, उपकार झाले. दीड तासाची ही स्थापत्याची सफर मात्र चुकवू नका. मरीना सिटीचे दोन मक्याच्या कणसांसारखे मनोरे आहेत, त्यांचे खालचे १९ मजले नुसतं पार्किंग. गाड्यांची बुडं नदीवर लटकलेली. मी दर विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेनने आलो. सूर्यास्ताची वेळ सगळ्यात महाग, म्हणून एका मनोऱ्यावर जायचं तिकीट त्याच वेळेचं घेतलं होतं. वर पोचलो तर काचेबाहेर ताक. पैसे परत नाहीत. तेव्हा आधी तिकीट काढू नका. सकाळी मान वर करा, शेंडा दिसला तरच. "हॅनकॉक मनोऱ्याच्या ९६व्या मजल्यावर बारमध्ये बसा, एका पेयाच्या पैशात तोच नजारा," हा सल्ला आम्हाला तिघांनी दिला होता. तो बार २०२३ सालीच बंद झालाय.

खरी मजा खालूनच आणि फुकट. विलिस टॉवर (गावात अजून जुन्या नावाने सिअर्सच) म्हणजे उसाची मोळी बांधून वरची टोकं कमीजास्त छाटावीत तसा. ढाक्याचे अभियंते फझलूर खान यांची ही रचना : नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना धरून, म्हणून वाऱ्याला दाद देत नाहीत. वर जाताना टप्प्याटप्प्याने थांबतात. १०८व्या मजल्यापर्यंत दोनच पोचतात. उंची ४४२ मीटर.

तिथून मोनॅडनॉक इमारत चालत गाठा. उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१चा, १६ मजले, भार विटांच्या भिंतींवर. तळाशी भिंत सहा फूट जाड. खिडकीच्या खोबणीत माझा अख्खा हात मावला. दक्षिणेकडचा भाग दोनच वर्षांनी, पोलादी सांगाड्यावर उभा. भिंती बारीक, खिडक्या मोठ्या. उंच इमारती पुढे कशा शक्य झाल्या ते एकाच फुटपाथवर कळतं. जगातली पहिली गगनचुंबी मानली जाणारी १८८५ची होम इन्शुरन्स इमारत मात्र शोधत फिरू नका, मी फिरलो; ती १९३१ साली पाडली.

तिसरा दिवस छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी बसने ऍडलर तारांगणापाशी मिशिगन सरोवराच्या काठावर गेलो. पाण्यापलीकडे सगळं शहर एका ओळीत, एक पैसा न देता. जून असला तरी स्वेटर न्या. बायकोने तिथला फोटो दादाला पाठवला. लगेच उत्तर आलं : "पार्किंग कुठे मिळालं?"