तुम्ही विचारलंत म्हणून: तुमची सात पापं म्हणजे आमचे षड्रिपूच ना?

ऑफिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीत, नाताळचा फराळ द्यायला गेल्यावर, हा प्रश्न हमखास येतो. मी पुण्याची, मराठी ख्रिस्ती. षड्रिपू मलाही शाळेपासून पाठ. त्यामुळे थोडक्यात उत्तर द्यायचं तर बरंचसं हो. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर दोन्हीकडे आहेत. मोह आमच्या यादीत वेगळा नाही. खादाडपणा आणि आळस तुमच्या यादीत नाहीत.

पण मला बोलायचंय ते या आळसाबद्दल.

आधी एक सांगते, ही यादी बायबलमध्ये नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाला वीट आणणाऱ्या सात गोष्टी आहेत, पण त्या वेगळ्या: गर्विष्ठ डोळे, खोटं बोलणारी जीभ, भावाभावांत वैर लावणारा माणूस वगैरे. आपली यादी इजिप्तच्या वाळवंटातली. चौथ्या शतकात तिथे राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने मनाला छळणारे आठ विचार लिहून ठेवले. जॉन कॅसियन या दुसऱ्या संन्याशाने ते पश्चिमेकडे, युरोपात नेले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरींनी गर्वाला सगळ्यांचं मूळ म्हणून बाजूला काढलं आणि उरलेल्यांची सातांची यादी बसवली. पुढे गर्व पुन्हा यादीत आला.

इव्हाग्रियसला या आठांत सगळ्यात जड वाटला तो भरदुपारी येणारा विचार; यादीतला आळस तो हाच. सूर्य हलतच नाही असं वाटतं. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर डोकावतो, जेवणाची वेळ झाली का बघतो, कुणी भेटायला येतंय का बघतो. मग ही जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं, इथे कुणाला माझी पर्वा नाही असं वाटू लागतं. हा लोळत पडण्याचा आळस नव्हे. माणूस दिवसभर धावपळ करत असेल आणि तरी याच्या तावडीत असेल. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने तेराव्या शतकात हे नेमकं पकडलं: जे चांगलं आहे, देवाचं आहे, त्याचंच ओझं वाटणं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मला इव्हाग्रियस खरा समजला. औषधं, अंग पुसणं, कूस बदलणं, उद्या परत तेच. रागावर, लोभावर लोक बोलतात, कारण ते दिसतात. प्रेम करण्याचा कंटाळा दिसत नाही. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या आमच्या उपासनेच्या, सुरुवातीच्या पापकबुलीत आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने केलेल्या पापांबरोबर जे करायचं राहून गेलं त्याचीही क्षमा मागतो. माझ्या मते ख्रिस्ती शिकवणीतली ही फार मोलाची गोष्ट आहे. इव्हाग्रियसचा उपाय साधा होता: खोली सोडू नकोस, हातातलं काम चालू ठेव.

सद्गुणही सातच सांगतात. शहाणपण, न्याय, धैर्य, संयम हे चार ग्रीक तत्त्वज्ञांकडून आले, आणि ते बाहेरून घेतले याचं मला कौतुकच वाटतं. विश्वास, आशा, प्रीती हे तीन संत पौलाचे, आणि त्यांत प्रीती श्रेष्ठ असं तोच म्हणतो. ही प्रीती म्हणजे नुसती भावना नव्हे. आळसाच्या समोर मी तिलाच उभी करते आणि मला पंडिता रमाबाई आठवतात. विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन १८९० पासून पुण्यात चालू होतं, तेवढंही काम कमी नव्हतं. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. आणणं एकदाचं झालं. पुढे केडगावला त्यांना जेवू घालायचं होतं, शिकवायचं होतं, हाताला काम द्यायचं होतं, तेही रोज, वर्षानुवर्षं.