एस२०००चे वर्ष ठरवताना: तिसरी नोंद

मागील दोन नोंदींत मी २००४ किंवा २००५ सालच्या होंडा एस२००० या दोन आसनी, उघडत्या छताच्या स्पोर्ट्स कारकडे झुकलो होतो. त्यानंतर चार गाड्या चालवून आणि त्यांतील दोन लिफ्टवर चढवून पाहिल्यावर तो विचार मी बदलला आहे, आणि शोध आता २००२ व २००३ या दोनच वर्षांपुरता उरला आहे. येथे दिलेली वर्षे अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांची आहेत. जपान व युरोपमध्ये बदलांचा क्रम निराळा होता आणि युरोपात तर दोन लिटरचे इंजिन शेवटपर्यंत कायम राहिले.

सर्वांत मोठा फरक इंजिनाचा आहे. २००३पर्यंतच्या गाड्यांत १९९७ सीसीचे एफ२०सी इंजिन आहे, ज्याचा स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) ८४ मिलिमीटर आणि रेडलाइन (वेगाची कमाल सुरक्षित मर्यादा) ९००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ९००० फेरे, आहे. २००४मध्ये आलेल्या एफ२२सी१मध्ये सिलिंडरचा व्यास तोच, म्हणजे ८७ मिलिमीटर ठेवून स्ट्रोक ९०.७ मिलिमीटर केला गेला. त्यामुळे क्षमता २१५७ सीसी झाली, टॉर्क वाढला आणि रेडलाइन ८०००वर आली. ही घट का करावी लागली, हे आकडेमोड केल्यावर मला नीट उमगले. ८४ मिलिमीटरच्या स्ट्रोकने ९००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर होतो; ९०.७ मिलिमीटरच्या स्ट्रोकने तितकेच आरपीएम गाठायचे म्हटले, तर तो २७ मीटरच्या पुढे जातो. म्हणजेच नव्या इंजिनाला जुन्याइतके वर नेता येणार नाही, हे स्ट्रोक ठरला त्याच क्षणी ठरले होते.

रोजच्या वापरासाठी २.२ लिटरचे इंजिन अधिक सोयीचे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो, कारण मधल्या आरपीएमला गाडी लगेच ओढते आणि गिअर सतत उतरवावा लागत नाही. परंतु सुमारे ६००० आरपीएमला व्हीटेकचा, म्हणजे जास्त वेगाला व्हॉल्व्ह अधिक उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचा, मोठा कॅम लागू झाल्यानंतर पुढचे ३००० आरपीएम ज्या आवाजात आणि ज्या सहजतेने सरतात, त्यासाठीच मी ही गाडी शोधत आहे. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर लागोपाठ चालवल्यानंतर या बाबतीत माझ्या मनात शंका उरली नाही.

मग मी २००४च्या मागे का लागलो होतो? सस्पेन्शनमुळे. आधीच्या गाड्यांत मागचे चाक दबले की त्याचा टो-इन, म्हणजे चाकाच्या पुढच्या कडेचा आतल्या बाजूचा कल, बराच वाढतो. वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर अचानक सोडला की मागचा भार हलका होतो, टो पुन्हा कमी होतो आणि गाडीची शेपटी एकदम बाहेर जाते. २००४मध्ये भूमिती सुधारून हा बदल कमी करण्यात आला, चाके १६ऐवजी १७ इंचांची झाली आणि मागचे टायर २२५वरून २४५ मिलिमीटर रुंदीचे झाले. गिअरबॉक्समध्येही कार्बनचे सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) आले. या सुधारणा खऱ्या आणि मोलाच्या आहेत. मात्र चांगले जुळते टायर आणि काळजीपूर्वक केलेले अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) यांनी जुन्या गाडीचा स्वभाव पुष्कळ ताब्यात येतो, असा अनुभव मला दुसऱ्या २००२च्या गाडीत आला. पहिल्या गाडीला पुढे-मागे वेगवेगळ्या बनावटीचे टायर होते आणि ती ओल्या रस्त्यावर खरोखर भीतिदायक वाटली. नंतर सुधारता येण्यासारख्या गोष्टींवरून वर्ष ठरवू नये, असे माझे मत झाले आहे. टायर, सस्पेन्शन, सिंक्रो, व्हॉल्व्हचे रिटेनर (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकत्या) हे सारे बदलता येते. इंजिनाचा स्ट्रोक तसा बदलता येत नाही.

रिटेनरचा मुद्दा मात्र कोणी हलक्यात घेऊ नये. तिसऱ्या गिअरमध्ये ८००० आरपीएमला असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर इंजिन ११ हजारांच्या वर फेकले जाते आणि तेथे रेव्ह लिमिटरचा (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचा) काहीही उपयोग नसतो. एफ२०सीचे रिटेनर अशा प्रसंगी तडकतात, आणि रिटेनरला तडा गेलेली गाडी पुढे कित्येक महिने व्यवस्थित चालूही शकते. २००४नंतरचे रिटेनर अधिक भक्कम असून जुन्या इंजिनात बसवता येतात.

२००० व २००१ ही वर्षे मी दोन कारणांनी वगळली. सुरुवातीच्या इंजिनांतील ऑइल जेटचे (पिस्टनवर तेल फवारणाऱ्या नळ्यांचे) बोल्ट पुढे अधिक छिद्रांचे करण्यात आले, आणि २००१पर्यंत छताची मागची खिडकी प्लॅस्टिकची होती. ती धुरकट होते, चिरते. २००६पासून केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल व स्थिरता नियंत्रण आले. ते ज्यांना हवे आहे, त्यांनी शोध तेथूनच सुरू करावा.

सध्या २००३ची एक गाडी नजरेत आहे. टायमिंग चेनचा टेन्शनर थंड इंजिनावर खडखडत नाही, दुसरा गिअर कुरकुरत नाही, आणि लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते हे पाहणाऱ्या तपासणीत, चारही सिलिंडरची गळती ५ टक्क्यांच्या आत आहे. चौथ्या सिलिंडरकडे मी विशेष लक्ष दिले, कारण तेल कमी राहिलेल्या इंजिनांत ओरखडे बहुधा तेथेच सापडतात, आणि भिंती तंतुमिश्रित धातूच्या असल्यामुळे नेहमीसारखे बोअरिंग (सिलिंडर किंचित रुंद करणे) करून भागत नाही. मालकाने पुढील शनिवारी व्हॉल्व्ह कव्हर काढू देण्यास संमती दिली आहे. सोळाही रिटेनर तपासून झाले की छायाचित्रांसह चौथी नोंद लिहीन.