तीन राजे, एक तळघर आणि माँते काव्होची चढण

आधी पैशांचं सांगतो, कारण राग अजून उतरलेला नाही. रोममध्ये सेंट पीटर्सच्या वाटेवर गळ्यात पट्टा, हातात छत्री असं कुणी "रांग टाळायचीय का?" म्हणत आलं, तर त्याच्याकडे न बघता चालत राहा. आम्ही थांबलो. माणशी २८ युरो, दोघांचे ५६. बाईनं आम्हाला वीस जणांच्या घोळक्यात अर्धा तास उन्हात उभं केलं आणि मग अख्खं जग जिथं उभं होतं त्याच तपासणीच्या रांगेच्या शेपटाला नेऊन सोडलं. चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत. ती रांग तिकिटाची नसतेच, पिशव्या तपासायची असते, आणि ती तपासणी कुणालाच चुकत नाही. सकाळी साडेसातला गेलात तर पंधरा मिनिटांत आत. दुसऱ्या दिवशी आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी का जावं लागलं, ते पुढं येईल.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मेहुणा. सह्याद्रीत पंधरा-वीस वर्षं फिरतोय, त्यामुळे बूट कुठले घ्यावेत, पाणी किती न्यावं हे सांगत बसत नाही. ह्या वेळी डोक्यात किल्ले नव्हते, एक राजघराणं होतं, इंग्लंडचे स्टुअर्ट. इंग्लंडचा शेवटचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स. ह्याच्याच थोरल्या भावाला, दुसऱ्या चार्ल्सला, १६६१ सालच्या लग्नाच्या करारात पोर्तुगालकडून आपली मुंबई हुंड्यात मिळाली. जेम्स १६८५ मध्ये गादीवर आला, आणि १६८८ मध्ये मुलगा झाल्यावर आता कॅथलिक राजेच चालू राहणार म्हणून प्रोटेस्टंट सरदारांनी त्याच्याच जावयाला हॉलंडहून बोलावून घेतलं. त्या हिवाळ्यात जेम्स फ्रान्सला पळाला. त्याच हिवाळ्यात इकडे संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले आणि पुढं राजाराम महाराजांनी जिंजी गाठली. आपला जिंजीचा दरबार आठेक वर्षांनी परत आला. ह्यांचा आलाच नाही. आधी फ्रान्स, मग इटली, असं जवळजवळ एकशेवीस वर्षं परागंदा राजेपण चाललं.

पॅरिसजवळच्या साँ-जेर्मँ-आँ-लेचा दिवस सुरेख गेला, म्हणून त्यावर दोनच ओळी. लोकल गाडीनं अर्धा तास, गाडी थेट वाड्यासमोर. जेम्स तिथंच १७०१ मध्ये वारला. त्याचा देह एकीकडे, हृदय दुसरीकडे, मेंदू पॅरिसमधल्या स्कॉटिश कॉलेजात, आतडी आणखी दोन ठिकाणी अशी वाटणी झाली होती आणि फ्रेंच राज्यक्रांतीत बहुतेक सगळंच नाहीसं झालं. वाड्यासमोरच्या चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे, तेवढं बघा आणि पुढं निघा.

आता रोम. सेंट पीटर्समध्ये शिरल्यावर डाव्या हाताला थोडंसं चाललं की शिल्पकार कानोव्हानं केलेलं स्टुअर्ट घराण्याचं पांढरं स्मारक दिसतं. वर तिघांचे अर्धपुतळे: दुसऱ्या जेम्सचा मुलगा, आणि त्याची दोन मुलं चार्ल्स आणि हेन्री. खाली बंद दार कोरलेलं, दोन्ही बाजूंना मशाली उलट्या धरलेले दोन देवदूत. आम्ही अर्धा तास समोर उभे राहिलो, मेहुण्यानं हातसुद्धा जोडले. बाहेर येऊन चहा पिताना त्यानं फोनवर वाचलं, "भाऊजी, तिथं कुणी पुरलेलंच नाही. कबर खाली तळघरात आहे." म्हणून दुसरा दिवस.

तेव्हा क्रम नीट लक्षात ठेवा. स्मारक वर, कबर खाली. तळघरात उतरायचा जिना घुमटाखालच्या प्रचंड खांबांपैकी एकापाशी आहे, पाटी छोटी आहे, न दिसल्यास रखवालदाराला विचारा. एकदा खाली उतरलात की बाहेर पडायची वाट थेट चौकाच्या बाजूला काढते, परत वर यायचं तर पुन्हा रांग. म्हणून आधी वरचं सगळं बघून घ्या. घुमटावर जायचं असेल तर तेही आधी. ५५१ पायऱ्या, लिफ्टचे पैसे दिले तरी ३२० उरतातच. आमच्यासारख्यांना त्या फार नाहीत, पण शेवटी भिंत तिरकी होते आणि उंच माणसाला मान वाकडी करूनच चढावं लागतं. लिफ्टचे पैसे वाया.

कानोव्हाच्या स्मारकावरचा लॅटिन मजकूर मात्र वाचण्यासारखा आहे. बापाच्या नावापुढं 'तिसरा' लिहिलंय, म्हणजे इंग्लंडचा तिसरा जेम्स असं पोपच्या घरात खुशाल कोरलंय. मुलांना नुसतं चार्ल्स एडवर्ड आणि हेन्री. बाप वारला तेव्हा १७६६ साल होतं आणि पोपनं मुलाला राजा मानायला नकार दिला होता. आणखी गंमत म्हणजे १८१९ च्या ह्या स्मारकाला पैसे देणाऱ्यांत चौथा जॉर्जही होता, म्हणजे ज्या घराण्यानं ह्यांची गादी घेतली त्याच घराण्याचा पुढचा राजा. समोरच्याच भिंतीवर, दाराच्या वर, ह्या दोन मुलांच्या आईचं स्मारक आहे, क्लेमेंटिना सोबिएस्का. सेंट पीटर्समध्ये ज्या मोजक्या बायकांना जागा मिळाली त्यांतली एक. लग्नाला येताना इंग्लंडच्या सांगण्यावरून तिला इन्सब्रुकला अडकवून ठेवलं होतं, तिथून ती मोलकरणीशी वेश बदलून निसटली. गर्दी तिच्या खालून सरळ पुढं जाते, मान वर करून कुणी बघत नाही.

तळघरातली कबर साधी आहे. दोन मिनिटं मिळतात, मागून लोक ढकलत असतात.

दुपारचा पियात्सा सांती आपोस्तोली हा चौक आमच्या हट्टामुळे फुकट गेला. तिथल्या चर्चमध्ये क्लेमेंटिनाचं हृदय एका खांबावरच्या कलशात आहे, पण इटलीतली बरीच चर्चं बारा-साडेबारापासून चारपर्यंत बंद असतात, आणि आम्ही एक वाजता पोचलो. सकाळी जा. चौकाच्या टोकाला पालात्सो मुती, म्हणजे ह्यांचा रोममधला वाडा. चार्ल्स इथंच १७२० च्या ३१ डिसेंबरला जन्मला आणि इथंच १७८८ मध्ये वारला. सावध करतो: मुती नावाचा दुसरा वाडा मागच्या पिलोत्ता चौकात आहे आणि बरेच गाइड तोच दाखवतात. आम्हालाही आधी तोच दाखवला गेला, आणि आम्ही त्याचेच फोटो काढले. खऱ्या वाड्यात आता कार्यालयं आहेत. आतल्या पाटीवर लिहिलंय की हेन्री इथं राहत होता, त्यानं नववा हेन्री हे नाव घेतलं आणि त्याच्याबरोबर १८०७ साली स्टुअर्ट घराणं संपलं. द्वारपालानं एक मिनिट आत सोडलं, दुसऱ्या मिनिटाला हाकललं. हसून "बोंजोर्नो" म्हणत शिरा, फोन खिशात ठेवा.

'संपलं' हे तितकंसं खरं नाही. जेम्सला अराबेला चर्चिलपासून झालेला अनौरस मुलगा, ड्यूक ऑफ बेरिक, फ्रान्सचा मोठा सेनापती झाला. १७०७ मध्ये अल्मान्साची लढाई जिंकून त्यानं स्पेनची गादी वाचवली, तिथं जहागीर मिळवली, आणि त्याचे वंशज आज आल्बाचे ड्यूक आहेत, आडनाव अजून फित्झ-जेम्स स्टुअर्ट. माद्रिदमधला त्यांचा लिरिया वाडा २०१९ पासून बघायला खुला आहे. पुढच्या वेळी. आणि स्टुअर्टांचा हक्क मानणाऱ्यांच्या हिशेबात तो सव्हॉय, मोडेना ह्या घराण्यांतून फिरत आता बव्हेरियाच्या फ्रान्त्सकडे येतो. जन्म १९३३. त्यानं स्वतः कधी हक्क सांगितलेला नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी फ्रास्काती, रोमजवळचं गाव. टर्मिनी स्टेशनवरून गाडी, अर्धा तास, तिकीट दोन युरोंच्या आसपास. कागदी तिकीट असेल तर बसण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या. आम्ही विसरलो आणि दंड भरला. त्या ट्रिपमध्ये सगळ्यात महाग पडलेला प्रवास तो. स्टेशन खाली, गाव वर, मध्ये लांब जिना. हेन्री इथला बिशप, १७६१ ते १८०३. कार्डिनल असल्यामुळे लग्न नाही, वंश नाही. नेपोलियननं पोपकडून खंडणी मागितली तेव्हा ह्यानं घरातले दागिने विकून हातभार लावला, पुढं फ्रेंच आले तेव्हा जे होतं तेही गेलं आणि म्हातारपणी व्हेनिसला पळायची वेळ आली. शेवटी त्याला वर्षाला ४००० पौंड कुणी चालू केले, तर इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या तिसऱ्या जॉर्जनं. फ्रास्कातीचं कथीड्रल बघायला गेलो. बंद. वाजले होते साडेबारा. शिकलो नव्हतो.

म्हणून रागाच्या भरात ठरवलं, जवळचा माँते काव्हो डोंगर करू. उंची ९४९ मीटर, म्हणजे आपल्यासारख्यांना काही विशेष नाही. हेन्रीनं १७८३ मध्ये माथ्यावर मठ बांधला, ज्युपिटरच्या जुन्या देवळाचे दगड वापरून. हे वाचूनच मला जायचं होतं. निळी बस डोंगरावरच्या रोक्का दि पापा गावाला नेते, तिकीट बसमध्ये मिळेलच असं धरू नका, 'टी'ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात आधी घ्या, येताना-जातानाचं दोन्ही. ही ओळ तुम्ही विसरणार, मीही विसरलो.

बस खालच्या चौकात सोडते. गाव अक्षरशः उभं आहे, गल्ल्या म्हणजे पायऱ्या. वर पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. फोनच्या नकाशात गावाच्या मागून एक ठिपक्यांची वाट माथ्याला जाताना दिसत होती. ती धरू नका. कृपा करून धरू नका. दोनशे पावलांत ती पाण्याच्या घळीत शिरते, मग काटेरी वेली, मग तारेचं कुंपण, मग पुन्हा घळ. ऑक्टोबर होता, चेस्टनटची पानं घोट्याच्या वर साचलेली, खाली ओला काळा दगड. हा बसाल्टच आहे, आपलाच कातळ, सगळा डोंगर जुना ज्वालामुखी. तरी आपल्या पावसाळी कातळावर पाय कुठं टाकायचा ते दिसतं, इथं पानांखाली काही कळत नाही. मेहुणा दोनदा सपशेल बसला. मी एकदा, पण जोरात. पाऊण तासाची चढण आम्ही सव्वादोन तासांत केली आणि त्यातला दीड तास त्या घळीत गेला.

खरी वाट गावाच्या वरच्या टोकाकडून जाते, लोकांना 'व्हिया साक्रा' विचारा, म्हातारे बरोबर सांगतात. जुना रोमन रस्ता, काळ्या फरशा, दोन्ही कडांना दगडी काठ, दोन हजार वर्षांनंतरही पाय नीट बसतो. काही फरशांवर एन आणि व्ही ही अक्षरं कोरलेली आहेत. रोममध्ये ज्या सेनापतींना विजयाची मिरवणूक नाकारली जायची ते ह्या डोंगरावर येऊन आपली आपण काढायचे. तिसऱ्या जेम्सला हे ठाऊक असेलच, तो उन्हाळ्यात खालीच आल्बानोला राहायला यायचा. एका वळणावर झाडी उघडते आणि दोन तळी एकदम दिसतात, आल्बानो आणि नेमी, दोन्ही ज्वालामुखीची मुखं. पाऊस थांबला होता. तिथं दहा मिनिटं बसलो, तेवढ्यासाठी सगळं माफ.

माथ्यावर काय आहे? टॉवर. रेडिओचे, टीव्हीचे, लष्कराचे, जंगलातल्या झाडांइतके टॉवर, जाळीची कुंपणं आणि एक सतत घूं घूं आवाज. मठ मोडकळीला आलेला, आत जाता येत नाही. कुंपणापलीकडून कुत्रा भुंकत होता. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सिंहगडावर निदान झुणका-भाकर तरी मिळते." माझा सरळ निकाल: त्या वळणापर्यंत जा, तळी बघा, परत फिरा. माथा बघायची काही गरज नाही. अर्थात हे मी दुखऱ्या माकडहाडानं लिहितोय.

उतरलो तेव्हा तंबाखूचं दुकान बंद, आणि तिकिटाशिवाय बसमध्ये चढायची हिंमत दंडानंतर उरली नव्हती. चालत फ्रास्कातीला आलो, डांबरी रस्त्यानं, कडेला पदपथ नाही, गाड्या अंगावरून. विजेरी होती म्हणून निभावलं.

कथीड्रलमध्ये संध्याकाळची प्रार्थना चालू होती, म्हणून उघडं. चिखलाचे बूट घेऊन मागच्या मागे उभे राहिलो. दाराजवळच चार्ल्सची शिळा आहे. गादी परत घ्यायला निघून स्कॉटलंडमध्ये कलोडनच्या माळावर १७४६ मध्ये तासाभरात सगळं हरलेला, डोक्यावर ३०,००० पौंडांचं बक्षीस असताना पाच महिने डोंगरांत लपलेला आणि कुणीही पकडून न दिलेला हाच तो. सेंट पीटर्समध्ये त्याला राजा म्हणून पुरू देईनात, म्हणून भावानं आपल्या चर्चमध्ये पुरलं. १८०७ मध्ये हेन्री वारल्यावर देह रोमला नेला, हृदय इथंच राहिलं. मेहुण्यानं ह्या वेळी आधी फोनवर खात्री केली आणि मग हात जोडले.

गाडीला वीस मिनिटं होती आणि स्टेशन त्या जिन्याच्या तळाशी. तिकीट आठवणीनं छापलं.