नळ उघडा ऱ्हायलाय बघ

शनिवार, रात्रीचे साडेदहा

आई आज चौथ्यांदा मागच्या दारी जाऊन आली. "आरं, नळ उघडा ऱ्हायलाय बघ." आई, ते कारंजं आहे, म्हटलं की "हां हां" करते, पडते आणि अर्ध्या तासानं पुन्हा उठते. तिची काय चूक? जन्मभर पाण्याची वेळ सांभाळत कळशा भरलेली बाई. शेवटी मीच डोळे मिटून ऐकलं, तर खरंच, रिकाम्या बादलीत कुणीतरी नळ सोडलाय असाच आवाज. महिनाभर खपून मी दारात गळका नळ बसवला म्हणायचा.

मुळात मला छोटं तळं हवं होतं, कमळाचं. बायकोनं तिथल्या तिथं मोडता घातला. "अहो, दोन वर्षांपूर्वीचा धाकटीचा डेंग्यू विसरलात?" डेंग्यूच्या डासाला साचलेलं पाणी मिळालं की अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय भावाची नात आता रांगायला लागलीय. म्हणून हा बिनतळ्याचा प्रकार. पाणी सगळं जमिनीखालच्या टबात, टबावर लोखंडी जाळी, जाळीवर नदीतले गोटे. टबातला पंप पाणी दगडाच्या पोटातून वर चढवतो, ते दगडावरून ओघळून गोट्यांतून परत टबात. वर दिसायला नुसता ओला दगड.

कुंपण जांभ्याचं आहे म्हणून दगडही जांभाच घ्यावा असं माझ्या मनात होतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तो वाहवायचं सोडून पाणी पीत बसंल." मग काळा दगड. त्याला आपल्याकडं काय तोटा? कोल्हापूरचा रंकाळा तलावसुद्धा मुळात दगडाची खाण, असं लहानपणापासून ऐकत आलोय. दोन फुटी, एका अंगानं तासल्यासारखा सपाट असलेला दगड खाणीवर मिळाला. काळा दगड घनफुटाला ऐंशी किलोच्या वर भरतो, हे टेम्पोतून उतरवताना चौघांच्या पाठींनी शिकवलं.

भोक पाडायला उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत नेला. हिऱ्याच्या बिटाचं मशीन, वरून पाण्याची धार, खालून राखाडी चिखल. तासभर उभा राहून बघत होतो, चहा गार झाला. एका बाजूनं बिट पुरेना म्हणून दोन्हीकडून भोक घेतलं, तर मध्ये दोन सूत चुकलं. पाईप तिथं अडायला लागला, मग एक नंबर लहान घातला. भोकातून निघालेला दगडाचा गुळगुळीत दांडका आत्ता या वहीवर ठेवलाय. पंख्यानं पानं उडत नाहीत.

टब दोनशे लिटरचा. दगडाचं वजन जाळीवर टाकायचं नाही, म्हणून टबात मधोमध विटांचा खांब उभारला. पंप जाळीच्या बादलीत, कडेला, म्हणजे साफ करायला दगड हलवायला नको. पंपाच्या लाईनला वेगळा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच. मिस्त्रीनं जाताना दोनदा बजावलं : पंप कोरडा चालला की जळाला, आणि पावसाळ्यात टब रिकामा ठेवलात तर काळ्या मातीत पाणी भरून तो होडीसारखा वर येईल.

पहिल्याच रात्री पाणी चार बोटं उतरलं. टब तडकला म्हणून माझा जीव खाली-वर. टबाला काही झालं नव्हतं. दगडाच्या खालच्या कडेनं चिकटून जाणारी एक बारीक धार बाहेर मातीत पडत होती. खालचं प्लॅस्टिक वाढवून उतार टबाकडं केला. बोअरचं पाणी बंद केलं, दगडावर पांढरे पोपडे धरायला लागले होते. आता गच्चीचं किंवा नळाचं.

आवाजाचं उद्या बघू.

रविवार, रात्रीचे अकरा

सकाळपासून व्हॉल्व्ह पिळतोय. पाणी उसळतं, उंचावरून आपटतं, म्हणून नळ वाटतो. इतकं कमी केलं की भोकाच्या तोंडाशी नुसतं फुगतं आणि दगडाच्या अंगाला धरून उतरतं. मग एका बाजूचे गोटे काढले. टब काठापर्यंत भरायचा नाही, वर वीतभर पोकळी ठेवली. आता थेंब थेट त्या पोकळीत पडतात, आणि आडात काहीतरी पडल्यासारखं घुमतं. अगदी हळू. कान द्यावा लागतो.

आत्ता आई उठली. "बंद केलंस व्हय?"

"चालूच आहे."

चपला न घालताच बाहेर गेली. बराच वेळ आली नाही, मीही गेलो नाही. आल्यावर विचारलं, "बिल किती येतंय ह्याचं?"

चाळीस वॅटचा पंप, रोज चार तास, महिन्याला पाच युनिट, म्हणून हिशोब सांगितला.

"मग ऱ्हाऊ दे की रातभर," म्हणाली.